पुन्हा आरंभ कुठून करायचा?



इंग्रजीत ‘स्टार्ट फ्रॉम स्क्रॅच’ असा एक वाक्प्रचार आहे. आता तो आपल्या मराठी बोलण्यातही सहज येतो. धंदा बसला, नोकरी सुटली, गाव बदलले की माणूस म्हणतो, ‘‘चला, पुन्हा स्क्रॅचपासून सुरुवात!’’ साधनेच्या बाबतीतही आपण हेच म्हणतो. दोन-चार महिने ध्यान सुटले, नित्यपाठ बंद पडला, सत्संगाला जाणे राहून गेले, की मनात विचार येतो : आजवर केलेले सगळे वाया गेले, आता शून्यापासून सुरुवात करायची.

प्रवचनांच्या भाषांतराची सेवा करताना हा वाक्प्रचार वारंवार समोर येतो. त्यासाठी मराठीत ‘नव्याने’, ‘पहिल्यापासून’, ‘ओनाम्यापासून’, ‘शून्यापासून’ असे अनेक शब्द सुचतात. पण त्यांचा ऐकणाऱ्यावर होणारा परिणाम सारखा नसतो. ‘नव्याने सुरुवात करा’ म्हटले तर हुरूप येतो. ‘शून्यापासून सुरुवात करा’ म्हटले तर त्याच माणसाचे हातपाय गळतात. म्हणून या शब्दाचे मूळ शोधावेसे वाटले. ते पाहिल्यावर लक्षात आले की त्यात शून्य कुठेच नाही. हा वाक्प्रचार नेमके काय सांगतो आणि ज्याची साधना खंडित झाली आहे त्याला त्याचा काय उपयोग, याचा आज आपण अभ्यास करू या.

१. स्क्रॅच म्हणजे जमिनीवरची रेघ

‘स्क्रॅच’ या शब्दाचा साधा अर्थ ओरखडा. मातीत काठीने ओढलेली रेघ हाही ओरखडाच. इंग्लंडमध्ये पूर्वी खेळांच्या मैदानावर अशा रेघा ओढत आणि त्यांनाच स्क्रॅच म्हणत. या रेघेचा उपयोग दोन खेळांत कसा होत असे, हे आपण पाहू.

पहिला खेळ मुष्टियुद्धाचा. त्या काळी तो हातमोजे न घालता खेळला जाई आणि फार क्रूर होता. त्याचे कौतुक करण्याचा हेतू नाही. आपल्याला फक्त त्याचा नियम पाहायचा आहे. १७४३ मध्ये जॅक ब्रॉटन या मुष्टियोद्ध्याने खेळाचे नियम लिहून काढले. रंगमंचाच्या मध्यभागी खडूने एक यार्डाचा चौकोन आखायचा. कोणी खाली पडला तर त्याच्या साथीदाराने त्याला अर्ध्या मिनिटात त्या चौकोनाच्या कडेशी आणून उभे करायचे. तेवढ्या वेळात तो तिथे आला नाही तर हरला. पुढे १८३८ मध्ये लंडनमध्ये नवे नियम झाले. त्यांत पडलेल्याला ३० सेकंदांची विश्रांती मिळे. या वेळात साथीदार त्याला गुडघ्यावर बसवत, पाणी देत, तोंड पुसत. मात्र त्यानंतरच्या ८ सेकंदांत त्याने कोणाचाही आधार न घेता, स्वतःच्या पायांनी चालत मधल्या रेघेपाशी यायचे. ‘कम अप टू स्क्रॅच’ हा वाक्प्रचार या रेघेवरून आला. कसाला उतरणे, अपेक्षेइतके भरणे, असा आज त्याचा अर्थ आहे.

दुसरा खेळ धावण्याच्या शर्यतीचा. एकोणिसाव्या शतकात सवलतीच्या शर्यती फार लोकप्रिय होत्या. या शर्यतीत सगळे धावपटू एकाच ठिकाणाहून धावत नाहीत. जो कमी वेगाचा त्याला काही अंतर पुढे उभे करतात. त्याहून कमी वेगाचा असेल त्याला आणखी पुढे. जो सर्वांत वेगवान, त्याला मात्र काहीही सवलत नाही. त्याने अगदी मागच्या रेघेवर, म्हणजे स्क्रॅचवर उभे राहायचे आणि पूर्ण अंतर धावायचे. ‘स्क्रॅचपासून सुरुवात’ हे शब्द या मैदानावरून रूढ झाले.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात स्टॉवेल नावाचे गाव आहे. तिथे १८७८ पासून ईस्टरच्या सुटीत अशी शर्यत भरते. आज ती गवतावर १२० मीटर धावतात. मागच्या रेघेवरून निघून, पुढे उभ्या असलेल्या सगळ्यांना गाठून पहिले येणे इतके अवघड, की हे पहिल्यांदा घडायला १९७५ साल उजाडावे लागले. तो मान मादागास्करच्या जाँ-लुई रावेलोमानांत्सोआ यांचा. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये ते १०० मीटरच्या अंतिम फेरीत धावले होते.

आता क्षणभर थांबून विचार करू या. त्या दिवशी स्टॉवेलच्या मागच्या रेघेवर उभा असलेला माणूस शून्यावर होता का? त्याच्या पायांत अनेक वर्षांचा सराव होता. त्याच्याजवळ फक्त एक गोष्ट नव्हती, आणि ती म्हणजे सवलत. गोल्फमध्येही ज्या खेळाडूला एकाही फटक्याची सवलत लागत नाही त्याला ‘स्क्रॅच’ खेळाडू म्हणतात. नवशिक्याला कोणी तसे म्हणत नाही.

२. रेघेचे शून्य झाल्यामुळे काय बिघडते?

काळाच्या ओघात मैदान मागे पडले आणि वाक्प्रचार उरला. सवलत नाही, आयते काही नाही, म्हणजे हातात काहीच नाही, असा अर्थ लोक घेऊ लागले. स्वयंपाकाच्या किंवा धंद्याच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. साधनेत मात्र दोन प्रकारे नुकसान होते.

पहिले नुकसान निराशेचे. आमच्या सत्संगातल्या एका काकूंची गोष्ट सांगते. वर्षानुवर्षे पहाटे साडेपाचला त्यांची बैठक चुकली नव्हती. मग काकांना अर्धांगवायूचा झटका आला. सात महिने रुग्णालय, घर, औषधे, व्यायाम, रात्रीची जागरणे. बैठक सुटली, पाठ सुटला, गुरुवारचे येणे सुटले. काकांना जरा बरे वाटू लागल्यावर त्या पुन्हा आल्या. नेहमी पुढच्या रांगेत बसणाऱ्या काकू त्या दिवशी दाराजवळ बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘मला आता नवीन मंडळींबरोबर बसवा. माझं सगळं पुसलं गेलं.’’

खरोखर सगळे पुसले गेले होते का? सात महिने त्यांनी एका माणसाला घास भरवला होता. तो एक शब्द उच्चारेपर्यंत पाच-पाच मिनिटे वाट पाहिली होती आणि त्याची चिडचिड शांतपणे ऐकून घेतली होती. हे बळ कुठून आले असेल? पहाटेच्या बैठकीत जे साठले होते तेच इथे खर्ची पडले होते. पण शून्य हा शब्द मनात बसला की माणसाला स्वतःची शिल्लक दिसत नाही. तो लाजतो. किती तरी साधक साधना सुटली म्हणून जेवढे दुरावत नाहीत, तेवढे या लाजेमुळे दुरावतात.

दुसरे नुकसान याच्या उलट दिशेचे आहे आणि ते चटकन लक्षात येत नाही. काहींना शून्य हा शब्द फार सोयीचा वाटतो. ‘झाले ते झाले, आता पाटी कोरी!’ असे म्हटले की कोणाला दुखावले, कोणाचे पैसे द्यायचे राहिले, घेतलेली सेवा कुणाच्या गळ्यात टाकून आपण निघून गेलो, हे काही आठवावे लागत नाही. दर नव्या वर्षाला, दर शिबिरानंतर, दर गुरुपौर्णिमेला अशी पाटी कोरी करता येते. आपल्याकडे अशांना आरंभशूर म्हणतात. त्यांच्याकडे आरंभ पुष्कळ असतात, पण मागचे काही निस्तरलेले नसते.

निराश झालेला आपली शिल्लक विसरतो आणि आरंभशूर आपले देणे विसरतो. दोघांनीही वही न उघडताच बेरीज शून्य लिहिलेली असते.

३. वहीखात्याचा दाखला

मी वाणिज्य शाखेत शिकत असल्यामुळे मला इथे जमाखर्चाचे उदाहरण द्यावेसे वाटते. ज्यांनी कधी हिशेब लिहिलेले नाहीत त्यांनाही ते सहज समजेल.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपण नव्या वहीची पूजा करतो. गुजरातेत त्यालाच चोपडापूजन म्हणतात. वही कोरी असते, हळदकुंकू लावून तिच्यावर स्वस्तिक काढलेले असते. पण त्या कोऱ्या वहीतली पहिली नोंद कोणती असते? जुन्या वहीतल्या बाक्या. रोख किती, माल किती, कोणाकडून येणे, कोणाचे देणे. आजच्या कंपन्यांमध्ये ३१ मार्चला वर्ष संपते आणि १ एप्रिलला नवे सुरू होते. तिथेही हाच नियम आहे. ‘मागील बाकी पुढे आणली’ या शब्दांशिवाय नवे वर्ष सुरूच होत नाही.

मग शून्यापासून काहीच सुरू होत नाही का? होते. परंपरागत हिशेबपद्धतीत खात्यांचे तीन प्रकार शिकवतात आणि त्यांतला एक प्रकार दरवर्षी शून्यावर येतो.

पहिला प्रकार नामधारी खात्यांचा. भाडे, पगार, विक्री, व्याज ही ती खाती. वर्ष संपले की ती बंद होतात. नव्या वर्षी विक्रीच्या खात्यावर पहिल्या दिवशी शून्यच असते. गेल्या वर्षीची विक्री कितीही मोठी असली तरी ती इथे पुन्हा मोजता येत नाही. मात्र ती नाहीशीही होत नाही. सगळ्या उत्पन्न-खर्चाचा निव्वळ परिणाम, म्हणजे नफा किंवा तोटा, मालकाच्या भांडवलात जमा होतो.

साधनेतली नामधारी खाती कोणती? सलग किती दिवस बसलो, किती माळा झाल्या, किती शिबिरे केली, लोकांनी किती मान दिला, ही. हल्ली मोबाइलवरच्या ध्यानाच्या अ‍ॅपमध्ये सलग दिवसांचा आकडा दिसतो. एक दिवस चुकला की १०७ चे ० होते. ते शून्य खरेच आहे, पण ते फक्त त्या खात्यावरचे आहे. त्या १०७ दिवसांनी मनाला जे वळण लावले ते केव्हाच भांडवलात जमा झाले. त्यालाच आपण संस्कार म्हणतो. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवायला हवी. तो आकडा पुन्हा वापरता येत नाही. ‘मी बारा वर्षांचा साधक आहे’ असे सांगून आजची बैठक भरून निघत नाही.

दुसरा प्रकार मालमत्तेच्या खात्यांचा. जागा, यंत्रे, माल, रोख. ही खाती पुढे चालू राहतात. यंत्र जुने झाले की दरवर्षी त्याच्या किमतीतून घसारा वजा करतात. यंत्र बंद ठेवले तरी ते गंजते, म्हणून किंमत कमी होतेच. पण सात महिने बंद राहिलेल्या यंत्राची किंमत कोणी शून्य लिहीत नाही. बसण्याची सवय, श्वासाकडे लक्ष नेण्याचे कसब, पाठ असलेले स्तोत्र, वाचून उमगलेला विचार ही आपली अशी मालमत्ता आहे. सात महिन्यांनंतर पाय दुखतात, मन लवकर पळते. हा घसारा आहे. तो मान्य करावा आणि यंत्राला तेल घालावे.

तिसरा प्रकार व्यक्तींच्या खात्यांचा. कोणाचे किती देणे, कोणाकडून किती येणे. वर्ष बदलले म्हणून सावकाराचे कर्ज बुडत नाही. आपण कोणाला कठोर बोललो असू, कोणाला दिलेला शब्द मोडला असेल, तर ती बाकी नव्या आरंभाच्या दिवशी पहिल्या पानावर लिहायची असते. कोणी आपल्यासाठी केलेले उपकारही तिथेच लिहायचे.

म्हणून ‘पुन्हा सुरुवात’ म्हणताना स्वतःला विचारावे : माझे कोणते खाते शून्यावर आले आहे आणि कोणत्या खात्यांच्या बाक्या पुढे आणायच्या आहेत?

४. आपल्या परंपरेतील आरंभ

आपल्या ग्रंथांचा आरंभ अनेकदा ‘अथ’ या छोट्या शब्दाने होतो. पतंजलींच्या योगसूत्रांतला पहिला शब्द ‘अथ’ आहे आणि ब्रह्मसूत्रांतलाही. योगसूत्रांवरील व्यासभाष्य सांगते की तिथे या शब्दाने विषयाला प्रारंभ होतो. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात श्रीशंकराचार्य मात्र ‘अथ’चा अर्थ ‘त्यानंतर’ असा घेतात आणि प्रश्न विचारतात, कशानंतर? त्यांचे उत्तर असे : नित्य काय आणि अनित्य काय याचा विवेक, भोगांविषयी वैराग्य, शम-दम इत्यादी सहा गुण आणि मुक्तीची तळमळ, या चार गोष्टी अंगी आल्यानंतर. म्हणजे ब्रह्मविचाराचा आरंभही आचार्यांनी मागच्या तयारीला जोडून सांगितला आहे.

साधना खंडित होणे ही गोष्ट पतंजलींनी आधीच गृहीत धरली आहे. योगातील नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, ते सांगतात. त्यांत पहिला अडथळा व्याधी, आजारपण. शेवटचा अनवस्थितत्व, म्हणजे मिळालेल्या भूमिकेवर टिकून राहता न येणे. आपल्याला वाटते की घसरलो ते फक्त आपणच. पण घसरण्याला दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या ग्रंथात नाव आहे, याचा अर्थ आपल्याआधी पुष्कळ जण तिथे घसरले आहेत. अर्थात तेच पतंजली असेही सांगतात की अभ्यास दीर्घकाळ, खंड न पडू देता आणि आदराने केला तरच त्याचा पाया पक्का होतो. तेव्हा खंड पडला तरी काही बिघडत नाही, असा सोयीचा अर्थ कोणी काढू नये.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने हाच प्रश्न विचारला आहे. श्रद्धा आहे, पण प्रयत्न तोकडा पडला आणि मन योगापासून ढळले, अशा माणसाचे काय होते? तो इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही, असा विरून जातो का? भगवंत त्याला धीर देतात की कल्याणाचे काम करणाऱ्याची दुर्गती होत नाही. पुढच्या जन्मी त्याला पूर्वीची समज परत लाभते आणि तिथून तो पुढे प्रयत्न करू लागतो. देह बदलला तरी बाकी पुढे आणली जाते असे गीता सांगते. मग सात महिन्यांच्या खंडाने ती बुडेल कशी?

आपल्या भाषेत आरंभासाठी ‘ओनामा’ हा शब्द आहे. तो ‘ॐ नमः सिद्धम्’ यावरून आला. पूर्वी मुलांना अक्षरओळख करून देताना धूळपाटी वापरत. फळीवर धूळ पसरायची आणि बोटाने किंवा काडीने अक्षरे गिरवायची. म्हणून ‘धुळाक्षरे’ हा शब्द आला. पाहा, हीसुद्धा धुळीत ओढलेली रेघच! फळीवरून हात फिरवला की अक्षर मोडते. मूल पुन्हा धूळ सारखी करते आणि तेच अक्षर पुन्हा काढते. दहाव्यांदा काढताना फळी पहिल्या वेळेइतकीच कोरी असते, पण हात पहिल्या वेळचा नसतो. त्याला वळण लागलेले असते. कोरी पाटी म्हणजे काय ते या धूळपाटीकडे पाहून समजून घ्यावे.

५. साथीदारांचे काम

मुष्टियुद्धाच्या नियमात ३० सेकंद साथीदारांचे होते आणि शेवटची ८ सेकंदे त्या एकट्याची. सत्संगालाही हे लागू पडते.

कोणी बऱ्याच दिवसांनी परत आला की आपण नकळत विचारतो, ‘‘काय, होतात कुठे इतके दिवस?’’ हेतू प्रेमाचा असतो, पण लाजलेल्या माणसाला त्यात हजेरीपत्रक दिसते. त्याऐवजी त्याला बसायला जागा द्यावी, पाणी विचारावे, घरी सर्व ठीक आहे ना एवढे पाहावे. दही लावायला दूध कितीही चांगले असले तरी चमचाभर विरजण लागते. घरातले संपले तर आपण शेजारून वाटीत आणतो आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. ज्याची स्वतःची गोडी आटली आहे त्याला सत्संगातून एवढे विरजण मिळाले तरी पुरे असते.

मात्र रेघेपर्यंतची शेवटची पावले ज्याची त्यानेच चालायची. आपण त्याच्या वतीने ध्यान करू शकत नाही. रोज फोन करून त्याला उठवत राहिलो तर तो आपल्या पायांवर उभा राहणार नाही.

आणि परत आलेल्यानेही एक लक्षात ठेवावे. शर्यतीत पुढे उभे असलेले कदाचित कालपरवा आलेले नवीन साधक असतील. त्यांची बैठक स्थिर असेल, त्यांच्या चेहऱ्यावर उत्साह असेल. त्यांना पुढची जागा दिली याचे वाईट वाटून घेऊ नये. सवलतीची शर्यत आखणाऱ्याचा प्रयत्नच असतो की अंतिम रेषेपाशी सगळे जवळजवळ बरोबर पोहोचावेत.

काकूंना त्या गुरुवारी नवीन मंडळींच्या वर्गात बसवले नाही. त्यांना एवढेच सांगितले की आजपासून दहा मिनिटे बसा, त्याच जागी, त्याच वेळी. पुढे काही आठवड्यांनी त्यांनी सांगितले की काका आता शेजारी खुर्चीत बसतात आणि दहा मिनिटे काही बोलत नाहीत.

६. या आठवड्याचा अभ्यास

ज्यांची साधना खंडित झाली आहे त्यांनी पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात. ज्यांची चालू आहे त्यांनीही वर्षातून एकदा करून पाहाव्यात.

पहिली गोष्ट, रेघ ओढा. बसण्याची एक जागा आणि एक वेळ ठरवा. वेळ इतका थोडा ठेवा की आजारपणातही जमेल. दहा मिनिटे पुरेशी आहेत. सुरुवातीलाच मोठा संकल्प करणे आणि त्याच्या तयारीत महिना घालवणे म्हणजे नमनाला घडाभर तेल.

दुसरी गोष्ट, आरंभीची नोंद लिहा. वहीच्या एका पानावर मधोमध रेघ मारा. एका बाजूला शिल्लक लिहा : काय पाठ आहे, कोणती सवय अजून टिकून आहे, खंडाच्या काळात आयुष्याने काय शिकवले. दुसऱ्या बाजूला देणे लिहा : कोणाची क्षमा मागायची आहे, कोणते काम अर्धवट सोडले आहे, कोणाचे आभार मानायचे राहिले आहेत. प्रामाणिकपणे लिहिले तर दोन्ही बाजूंना काही ना काही सापडेल.

तिसरी गोष्ट, त्या देण्यांपैकी सर्वांत लहान देणे याच आठवड्यात फेडा. एक फोन, एक चिठ्ठी, परत करायचे राहिलेले एक पुस्तक. मोठी देणी हप्त्याहप्त्याने फेडता येतील.

चौथी गोष्ट, बसल्यावर जुन्या अनुभवाची मागणी करू नका. ‘पूर्वी डोळे मिटले की शांत वाटायचे’ ही गेल्या वर्षीची विक्री आहे. आजच्या पानावर आज जे घडेल तेच लिहायचे. मन भटकले तर भटकले असे लिहा.

पाचवी गोष्ट, पुन्हा एखादा दिवस चुकलाच तर पश्चात्तापाला अर्धा मिनिट द्या आणि दुसऱ्या दिवशी ठरलेल्या जागी या. चुकलेले भरून काढण्यासाठी दुप्पट बसू नका. दंड म्हणून केलेल्या साधनेचा लवकर कंटाळा येतो.

चिंतनासाठी प्रश्न

१. ‘माझे सगळे वाया गेले’ असे मी कधी म्हटले होते? त्या वेळी नेमके कोणते खाते शून्यावर आले होते?

२. ‘पाटी कोरी’ म्हणून मी कोणते देणे वहीबाहेर ठेवले आहे?

३. जुन्या साधनेच्या नावावर मी आज कोणती सवलत मागतो आहे?

४. गेल्या वर्षभरात आपल्या सत्संगातून येईनासे झालेले असे कोण आहे, ज्यांची मला आठवण येते?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जे नाव सुचेल त्यांना या आठवड्यात भेटून या. जाताना सत्संगाचा विषय काढायचाच असे नाही. त्यांची तब्येत विचारा, चहा घ्या, थोडा वेळ बसा. गुरुवारी त्यांच्यासाठी एक जागा धरून ठेवा.